बेनेडिक्टनं सांगितलेला शेवट

नागपूरच्या कुणा माणसानं लिहिलं होतं, या आजींनी वेगळाच सिनेमा पाहिलेला दिसतोय. त्याच्याखाली हसणारी पिवळी तोंडं, सात-आठ. शॅनननं मला ते वाचून दाखवलं नसतंच, पण मी तिच्या खांद्यावरून डोकावत होते, आणि मराठी मला वाचता येतं. चौथीपर्यंत गेलेय मी. हळू वाचते, बोट ठेवून वाचते, पण वाचलेलं विसरत नाही. "काय लिहिलंय गं त्या मेल्यानं?" मी विचारलं. "सोड ना आजी, लोक काय, काहीही लिहितात," म्हणाली आणि मोबाइल पालथा घातला. माझी नात जेवताना, झोपताना, मिस्साला फादर बोलत असतानासुद्धा मोबाइल पालथा घालत नाही. मी कोळंबी सोलत होते ती तशीच परातीत टाकली. म्हटलं, "उलट कर तो. आणि पुढचं वाच."

शॅनन ही माझ्या निकोलसची मुलगी. मुंबईच्या कंपनीचं काम घरात बसून करते, म्हणजे वसईला पापडी गावातल्या आमच्या घरात दिवसभर आम्ही दोघीच. गेल्या वर्षी तिनं एकदा गंमत म्हणून माझं चित्रण केलं आणि मोबाइलवर टाकलं. मी दारापुढच्या ओट्यावर मोगऱ्याचे गजरे ओवत होते आणि तिनं कसलंतरी हल्लीचं गाणं लावलं होतं, तर मी म्हटलं होतं, "याचा ढोलवाला पगारी आहे. मनापासून नाही वाजवत, घड्याळाकडे बघून वाजवतोय." एवढंच. पण ते लाखभर लोकांनी पाहिलं म्हणे. मग दर आठवड्याला ती मला विचारायची आणि मी बोलायचे. जुने इंग्रजी बँड, जुने इंग्रजी सिनेमे. गाऊन घातलेली म्हातारी, हातात कोळंबी नाहीतर शेवग्याच्या शेंगा, आणि बोलते कशावर, तर गिटारवर. लोकांना त्याची मजा. मला नाही मजा. माझी मतं खरी आहेत, आणि मी ती कुणाला हसवायला सांगत नाही.

बँडांची नावं मला वाचता यायची नाहीत, म्हणून मी त्यांना रेकॉर्डच्या पाकिटावरून नावं ठेवली. चौघं पाण्याच्या टाकीवर चढून बसलेत ते टाकीवाले. ओल्या कुत्र्याचं चित्र ते कुत्रेवाले. एक बँड नुसत्या काळ्या पाकिटाचा, त्यांना मी सुतकी म्हणायचे. टाकीवाल्यांचा गाणारा ओरडायचा, पण त्याच्या ओरडण्यात त्याचं काहीतरी खरंच हरवलेलं असायचं, आपण उठून शोधायला लागावं असं. मग तो भांडून एकटाच गायला लागला, आणि त्या दिवसापासून त्याचा आवाज नव्या फ्लॅटच्या फरशीसारखा झाला. पाय घसरतो, लागत काही नाही. कुत्रेवाल्यांचा गिटारवाला दहा-दहा मिनिटं एकटाच वाजवत बसायचा. बाकीचे तिघे उभे. मला तो नेहमी पंक्तीत एकट्यानं पापलेट खाणाऱ्या माणसासारखा वाटला. सुतकी लोक गाण्याच्या मध्ये गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं मला सगळ्यात आवडायचं. आणि सिनेमे. जुन्या सिनेमात माणूस दार उघडायला वेळ लावायचा. उठायचा, कोट सारखा करायचा, चालत यायचा, तोवर आपण खुर्चीच्या कडेला. आता दार उघडतच नाही कुणी, तोडतात. हे सगळं मी शॅननच्या मोबाइलसमोर बोलले आहे, आणि कुणी म्हणालं नाही की म्हातारी चुकली. ते पहिल्यांदा नागपूरवाला म्हणाला.

मी सांगितला होता तो राखाडी कोटातल्या बाईचा सिनेमा. माझा सगळ्यात लाडका. समुद्राकाठचं गाव, सारखं धुकं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. तो तिला मारत नाही, शिवी देत नाही. पण घरात भिंतभर घड्याळं, आणि तो सांगेल तेव्हा जेवायचं, तो सांगेल तेव्हा दिवा लावायचा, आणि ती काही बोलायला लागली की तो कानाला घड्याळ लावून बसतो. एक दिवस ती राखाडी कोट घालते, लहानशी पेटी घेते आणि निघते. होडीत बसते. धुक्यात दिवसभर फिरते. तिला कळतं की जगात एकट्या बाईला कुणी विचारत नाही. शेवटी एक जिना चढते, लाकडी, खूप पायऱ्यांचा, आणि एक दार वाजवते. आतून पुरुषाचा घोगरा आवाज येतो, "कोण?" ती म्हणते, "मीच. दार उघड." आणि पडदा काळा. दार उघडलेलं दाखवत नाहीत, तीच तर मजा. घरी परत आली, पण वाकून नाही आली. दार वाजवून, ताठ मानेनं आली. हा शेवट मी पन्नास वर्षं सांगत आले. शेजारणींना सांगितला, मुलांना झोपवताना सांगितला.

"आपण बघूया का तो, आजी?" शॅनन म्हणाली. "नेटवर असेल. खाली मराठी अक्षरं येतात आता, मशीन करतं भाषांतर." मला वाटतं, नागपूरवाल्याला तोंडावर पाडायला मिळेल म्हणून मीच घाई केली. बुधवारची दुपार होती. पडदे ओढले, पंखा कमी केला. आणि ती आली की पडद्यावर, तोच कोट, तशीच कानामागे केस सारणारी. मला किती बरं वाटलं. पन्नास वर्षांत मी तिच्याहून म्हातारी झाले होते, ती तिथंच होती. मशीनचं मराठी म्हणजे सरकारी नोटीस. पण समजत होतं. मी बोट हवेत धरून वाचत होते. अर्ध्यापर्यंत सगळं अगदी माझ्या नवऱ्यानं, बेनेडिक्टनं, थिएटरात मला सांगितलं होतं तसंच. घड्याळं, जेवण, दिवा. मग ती होडीत बसली, आणि होडीवाला काही म्हणाला, आणि खाली अक्षरं आली: परतीचे तिकीट हवे का? आणि ती म्हणाली: नाही.

मला ते दृश्य आठवत होतं. होडीवाल्याची दाढी आठवत होती. बेनेडिक्टनं माझ्या डाव्या कानात सांगितलं होतं, "होडीवाला म्हणतो, बाई, वादळ येणार आहे, लवकर घरी जा." तो जिना आला. पायऱ्या आल्या. मला तो त्याच घराचा मागचा जिना वाटला होता, कारण मला तसं सांगितलं होतं. आता बघितलं तर रस्ता वेगळा, दिवे वेगळे, दुकानांच्या पाट्या वेगळ्या. आंधळ्यालाही कळेल की गाव दुसरं आहे. तिनं दार वाजवलं. आतून तोच घोगरा आवाज. कोण आहे? आणि ती म्हणाली, अक्षरं अशी होती: मी मार्था कोल. तुमच्याकडे खोली भाड्याने मिळते असे ऐकले. पडदा काळा. "कोल कोण?" मी विचारलं. शॅनन हळूच म्हणाली, "तिचं माहेरचं नाव आहे आजी. लग्नानंतरचं वेगळं होतं." "मशीन चुकलं असेल." "नाही आजी. मला इंग्लिश ऐकू येतं ना. असंच म्हणाली ती."

माझा नवरा हयात असताना मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. अहो म्हणायचे, नाहीतर अँजेलिनाचे डॅडी. त्या बुधवारी मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यानं म्हटलं, "बेनेडिक्ट." शॅनन दचकली. म्हटलं, तू घाबरू नकोस, तुला नाही बोलत. तो मुंबईला जहाजाच्या कंपनीत कारकून होता, फादर लोकांच्या शाळेत इंग्रजी शिकलेला. रेकॉर्ड तोच आणायचा. रविवारी पहाटेचा मिस्सा करून आम्ही मुंबईला इंग्रजी सिनेमाच्या मॉर्निंग शोला जायचो. माझी सासू म्हणायची, "सूनबाईला इंग्लिस कळते काय, पानी मागायला?" तो म्हणायचा, मी सांगतो ना तिला. आणि सांगायचा. अंधारात माझ्याकडे कलून, बडीशेपेचा वास येणाऱ्या तोंडानं, एक एक वाक्य. मागचे लोक शुक् शुक् करायचे. पापडीत कुणाचा नवरा बायकोच्या कानाशी तीन तास बोलत होता? कुणाचाच नाही. मी त्या कानाच्या जोरावर मान वर करून चालले. विहिरीवर बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या तेव्हा मी कळशी भरून निघून यायचे. मला गाऱ्हाणं नव्हतं. मला इंग्रजी सिनेमा माहीत होता.

आणि आता मला त्या दिवसाचं आणखी काहीतरी आठवायला लागलं, जे मी आठवत नव्हते असं नाही, पण त्याच्याकडे बघत नव्हते. अँजेलिना तीन वर्षांची होती, निकोलस झाला नव्हता. घरात माझं आणि सासूचं जेवणसुद्धा वेगळ्या चुलीवर. बेनेडिक्ट मधे बसायचा आणि रेकॉर्ड लावायचा. भांडण जितकं मोठं, तितका आवाज मोठा. माझी थोरली बहीण वांद्र्याला एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिनं निरोप धाडला होता, मी बोलून ठेवलंय, पोरीला घेऊन ये, खोली आहे. मी ट्रंक भरली होती. ट्रंकेला कुलूप घालून किल्ली पोलक्यात ठेवली होती. बेनेडिक्टला मी तोंडावर सांगितलं, सोमवारी जाते. तो चिडला नाही. म्हणाला, "बरं. पण उद्या रविवार आहे, एक सिनेमा बघू." त्याला तो सिनेमा काय आहे ते माहीत नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगते. कारण मधेच, ती बाई कोट घालते तिथं, तो बोलायचा थांबला. किती वेळ थांबला. मी कोपरानं ढोसलं, "काय म्हणते ती?" तो पडद्याकडे बघत राहिला. मी पुन्हा ढोसलं. मग तो कलला, आणि सांगायला लागला, पण आवाज जरा वेगळा होता, सावकाश, शाळेत पाठ नसलेली कविता म्हणतात तसा. मला वाटलं, त्याला रडू येतंय. मला त्याची इतकी दया आली. सोमवारी मी ट्रंक उघडली आणि लुगडी परत दांडीवर टाकली. बहिणीला कळवलं, येत नाही. ती दहा वर्षं माझ्याशी बोलली नाही.

गुरुवारी मी शॅननला कामाला लावलं. म्हटलं, तुझी कंपनी गेली खड्ड्यात, इथं बस. जेवढे सिनेमे मला आठवत होते तेवढे मी सांगायचे, आजोबांनी कसे सांगितले तसे, आणि ती शोधून खरं काय ते सांगायची. बहुतेक सगळे खरे निघाले. खुनाचा सिनेमा खरा, तुरुंगातून पळणाऱ्यांचा खरा, म्हाताऱ्या पियानोवाल्याचा तर शब्दाला शब्द खरा. प्रत्येक खऱ्याला माझ्या जीवात जीव यायचा, की बघ, नाही, तो तसा नव्हता. आणि मग एखादी बाई यायची. लग्न मोडून नर्स होणारी, ती त्याच्या सांगण्यात आजारी आईकडे गेली होती. बोटीवर एकटी चढणारी, तिला नवऱ्यानं पुढच्या बंदरावर भेटायचं कबूल केलं होतं. टाकीवाल्यांचं ते हळू गाणं, ज्यावर मी पोरांना झोपवलं, ते बेनेडिक्टच्या मते आईच्या कुशीचं गाणं होतं. शॅननला सांगावंसं वाटेना. मी म्हटलं, "सांग, मी काही काचेची नाही." त्या गाण्यात एक बाई दुसऱ्या गावाला निघते आणि तिचा माणूस तिला म्हणतो, जा, मी तुला थांबवणार नाही. असं. मी थांबवणार नाही, असं तो ओरडतो. आणि मी सगळ्या पापडीला सांगत आले, काय तरी आईवरचं प्रेम.

खोटं सगळंच असतं तर बरं होतं. खोटारडा माणूस म्हणून मी त्याला एका घासात गिळला असता. पण त्यानं निवडून निवडून खोटं सांगितलं, तांदळातले खडे वेचावेत तसं. जिथं जिथं बाई उंबरा ओलांडत होती, तिथं तिथं तो माझ्या कानाशी होता. मी घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद केली आयुष्यभर; सुनेची, जावयाची, एकदा तर फादरचीसुद्धा. आणि माझ्या तोंडात शब्द कुणाचे होते? शनिवारी मी नेहमीसारखी सिमेट्रीत गेले. आठ वर्षं दर शनिवारी मोगरा नेते. त्याच्या थडग्यापाशी उभी राहिले. फुलं शेजारच्या थडग्यावर ठेवली. तिथं कुणी बाई आहे, नाव झिजलंय. तिनं मला कधी काही सांगितलं नव्हतं, म्हणून ठेवली.

पण हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी गिळलं असतं. शहात्तराव्या वर्षी माणसानं किती रडायचं. मला झोप लागत नव्हती ती अँजेलिनामुळे. माझी थोरली, माणिकपूरला असते, फ्रेडरिकला दिलेली. फ्रेडरिक चांगल्या नोकरीचा, दारूला न शिवणारा, चर्चच्या कमिटीवर. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, एका दुपारी ती बॅग घेऊन आली आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. म्हणाली, "तो मारत नाही मम्मी. पण तो घरात असला की मला श्वाससुद्धा विचारून घ्यावासा वाटतो." मी भाकऱ्या थापत होते. मी काय विचारायला हवं होतं ते आज मला माहीत आहे. मी विचारलं, "राखाडी कोटवालीनं शेवटी काय केलं?" तिनं बॅग पायाशी ओढली. मी म्हटलं, "सांग की. लहानपणापासून ऐकतेस. दार वाजवलं की नाही तिनं? घरी आली की नाही? आणि वाकून आली का?" अँजेलिनानं माझ्याकडे नाही, बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. बेनेडिक्ट तिथं होता, रेकॉर्ड पुसत. दाराला दार, सगळं ऐकू जात होतं. त्याचा हात थांबला होता. मग त्यानं रेकॉर्ड लावली. दुसऱ्या दिवशी तोच तिला रिक्षातून माणिकपूरला सोडून आला. मी ओट्यावर उभी राहून हात केला, आणि मला वाटलं, मी माझ्या मुलीचं घर वाचवलं.

त्यानंतर अँजेलिना तक्रार घेऊन कधी आली नाही. मुलगा झाला, तो शिकून कॅनडाला गेला. ती रविवारी मिस्सानंतर येते, अर्धा तास बसते, साडेबाराला उठते, कारण फ्रेडरिकला एकाच्या ठोक्याला ताट लागतं. पूर्वी ती चर्चमध्ये गायची. आता ओठ हलवते. हे मी पाहत होते, पण मला वाटायचं, वय.

या रविवारी ती आली तेव्हा मी शॅननला बाजारात धाडलं, सुरमई आणायच्या निमित्तानं. अँजेलिना खुर्चीत टेकली, पर्स मांडीवरच. मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय. तो राखाडी कोटवालीचा सिनेमा. तिनं दार वाजवलं ना, ते घराचं नव्हतं. ती परत आलीच नव्हती. तुझ्या बापानं मला खोटं सांगितलं, आणि मी ते तुला सांगितलं, आणि त्याच्यावर तुला परत पाठवली." हे एका दमात बोलले मी. माफी हा शब्द माझ्या जिभेला सवयीचा नाही, तो आला नाही. मी वाट बघत होते, की ती रडेल, नाहीतर ओरडेल. दोन्हीची तयारी केली होती.

अँजेलिना म्हणाली, "मला माहीत होतं मम्मी."

"काय माहीत होतं?"

"शेवट. आम्हाला कॉलेजात दाखवलेला तो. फिल्म क्लब होता."

"कॉलेजात म्हणजे? लग्नाआधी?"

"हो."

बाहेर कुणाचा तरी पंप चालू होता, वाडीला पाणी जात होतं. "म्हणजे तू त्या दिवशी पाटावर बसलीस, मी तुला ते सांगत होते, आणि तुला माहीत होतं?"

"तू एवढी खात्रीनं बोलत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, डॅडी सांगतील. ते बाहेरच होते ना. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठतील. सकाळपर्यंत वाट बघितली मी. ते नाही बोलले, तेव्हा मी म्हटलं, मग नको असेल त्यांना मी इथं."

"आणि रिक्षात? एवढा माणिकपूरपर्यंत गेलात. रिक्षात काय बोलला तो?"

ती पर्सची चेन उघडझाप करायला लागली. "जाऊ दे ना मम्मी. मेलेल्या माणसाचं काय."

"अँजेलिना, काय बोलला?"

"म्हणाले, मम्मीला त्या सिनेमाचं खरं सांगू नकोस हं. तिला फार आवडतो तो."

मला आधी हसू आलं. खरंच आलं, तोंड दाबावं लागलं. एवढं प्रेम! माझी आवड मोडू नये म्हणून त्यानं पोरगी नेऊन दारात सोडली. आणि तिनंही तीस वर्षं सांभाळली माझी आवड, दर रविवारी, अर्धा अर्धा तास. ओट्यावर बसून मी जगाला शेवट सांगत होते, आणि माझ्या घरातल्या दोन माणसांना तो माहीत होता, आणि ती एकमेकांकडे बघत होती माझ्या डोक्यावरून. नागपूरवाला परका, तो हसला. ही माझी होती, ही गप्प बसली. कुणाचं जास्त लागलं ते मला सांगता यायचं नाही. "तू तरी सांगायचंस," मी म्हटलं. "मी काय तुला खाल्ली असती?"

"तू ऐकलं असतंस?" अँजेलिना म्हणाली. रागानं नाही. नुसतं विचारलं. "तू तेव्हा म्हणाली असतीस, कॉलेजवाले काय सांगतात मला, माझ्या नवऱ्यानं सांगितलंय. म्हणाली असतीस की नाही?"

म्हणालेच असते. तेवढ्यात तिनं घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. ती ताडकन उठली, पर्स खांद्याला. "बापरे, उशीर झाला. तोंड धुऊन निघते." तोंडावर पाणी मारायला ती मोरीकडे गेली आणि तिचा मोबाइल टेबलावर वाजायला लागला. फोटो फ्रेडरिकचा होता, चर्चच्या कार्यक्रमातला, हार घातलेला. मी उचलला आणि कानाला लावला. मी हॅलो म्हणायच्या आत तो बोलायला लागला. सगळं ऐकलं मी. मग म्हटलं, "आग्नेस बोलते." आणि मग दुसराच माणूस बोलायला लागला, मऊ, मधाळ: "अरे मम्मी तुम्ही! बरं आहे ना? काही नाही हो, सहज फोन केला. अँजेलिना निघाली असेल तर म्हटलं सावकाश ये, ऊन आहे." मी फोन ठेवला.

अँजेलिना टॉवेलनं तोंड पुसत आली. "त्याचा होता? काय म्हणाला?"

माझ्यासमोर दोन वाक्यं होती, आणि दोन्ही फ्रेडरिकनंच बोललेली. दुसरं सांगितलं असतं तरी ते खोटं झालं नसतं. सावकाश ये म्हणाला, ऊन आहे. किती सोपं होतं. घर शांत राहिलं असतं, तिचा चेहरा सैल झाला असता, मी तिला ओट्यावरून हात केला असता. बेनेडिक्टला त्या अंधारात काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. कळलं म्हणून मी त्याला सोडला असं नाही. कळलं तेव्हा जास्त राग आला, की एवढंच तर करायचं होतं, जे ऐकलंस ते सांगायचं, आणि तुझ्याच्यानं झालं नाही.

मी म्हटलं, "आधी त्याला वाटलं तूच आहेस. तेव्हा म्हणाला, मेलीस काय तिथं? एकाच्या ठोक्याला ताट दिसलं नाही तर जेवण गटारात जाईल आणि त्याच्यामागून तू. थेरड्या आईच्या मांडीवर बसायचं असेल तर कायमची बस, इथं तुझ्यावाचून कुत्रंसुद्धा उपाशी राहत नाही. असं म्हणाला. मग मी नाव सांगितलं. मग म्हणाला, सावकाश ये, ऊन आहे."

थेरडी हा शब्दसुद्धा मी गाळला नाही. माझ्या आवाजात तो शब्द मला विचित्र लागला. अँजेलिना टॉवेल धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. "रोजचंच आहे ते," ती म्हणाली. "पण तू मोठ्यानं म्हणालीस ना, तर कसंतरी वाटलं." मग म्हणाली, "आता तू सांगशील मी काय करायचं ते."

"नाही," मी म्हटलं. जीभ शिवशिवत होती, देवाशपथ. माझ्याकडे तिच्यासाठी दहा वाक्यं तयार होती. "मी नाही सांगणार. वरची खोली रिकामी आहे, एवढं सांगते, कारण ती आहे. बाकी तुझं तू."

फाटक वाजलं. शॅनन पिशवी घेऊन आत आली, आमच्या दोघींकडे बघून उंबऱ्यातच थांबली. मोबाइल पुन्हा वाजायला लागला. अँजेलिनानं तो हातात घेतला, फोटोकडे बघितलं, आणि वाजू दिला. बराच वेळ वाजला तो. मग बंद झाला. तिनं पर्स खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि शॅननला म्हणाली, "सुरमई आण इकडे. कापून आणलीस की अख्खी?"

"अख्खी," शॅनन म्हणाली. "कापायला गर्दी होती."

अँजेलिनानं विळी ओढली आणि खाली बसली. ती एका जेवणापुरती बसली की कशी, ते मला कळलं नाही. विचारावंसं फार वाटलं. मासळी हातातून निसटू नये म्हणून मी तिला राख आणून दिली, आणि कोकम भिजत घातलं.